‘दादा-वहिनी’ म्हणायच्या आधी जरा थांबा: गिऱ्हाईक, पाहुणे आणि वर्गातली पोरं यांच्याशी बोलायचं कसं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या खानावळीत दोघं जेवायला आले, तिशी-पस्तिशीतले, आणि आमचा वाढपी पोरगा (नवीनच लागलेला, कुडाळकडचा, एकोणीस वर्षांचा) मोठ्या उत्साहात जाऊन म्हणाला, “दादा, वहिनींना सुरमई देऊ का?” दोघं गप्प. मग तो माणूस म्हणाला, “बहीण आहे माझी.” पोरगा लालबुंद. बहीण तोंडावर हात धरून हसत होती, भाऊ काही हसला नाही, आणि ताटं येईपर्यंत त्या टेबलावर जी काय शांतता होती ती मी गल्ल्यावर बसून बघत होते. पोराला बोलायचं तरी काय म्हणून? मीच त्याला शिकवलेलं की बाबा, आलेल्या माणसाशी घरच्यासारखं बोलायचं.

तर हे त्यांच्यासाठी लिहितेय जे आत्ता नवीन होमस्टे काढतायत, खानावळ चालवतायत, दुकानात काउंटरला बसतायत किंवा शाळेत नव्याने शिकवायला लागलेत. मी सहा वर्षं ऐरोलीला एका मोबाईल कंपनीच्या कॉल सेंटरला होते, मग लग्न होऊन मालवण तालुक्यात आले, आता आठ वर्षं खानावळ आणि वर चार खोल्या. नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे संध्याकाळी पडवीत बसलो की माझी गिऱ्हाइकं आणि तिची पोरं असे दोनच विषय असतात, आणि खरं सांगायचं तर विषय एकच आहे.

सगळ्यात आधी, हाकच मारू नका

हे नवीन लोकांना पटत नाही. समोर माणूस आला की त्याला काहीतरी म्हणायलाच पाहिजे असं वाटतं, म्हणून मग सर, मॅडम, दादा, काका जे पहिलं तोंडात येईल ते. पण मराठीत आपल्याला एक आयती सोय आहे. “बसा” म्हटलं की त्यात ‘तुम्ही’ आलंच, मान आलाच, वेगळं सर चिकटवायची गरज नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू आणि एकच सिट, म्हणून त्यांना मान दाखवायला सर-मॅडम जोडायला लागतं. आपलं क्रियापदच ते काम करतं. “या, बसा. किती जण आहात?” संपलं. यात कोणाचा अपमान नाही, कोणाचं वय काढलं नाही, कोण कोणाचं कोण लागतं यात आपण पडलो नाही.

आणि त्याच्याही पुढची युक्ती म्हणजे तू पण नाही आणि तुम्ही पण नाही अशी वाक्यं. “पाणी आणू?” “जेवायला काय करू?” “तिखट चालेल?” “सोलकढी आत्ता की नंतर?” बघा, यात समोरचा माणूस सतरा वर्षांचा आहे की सत्तर वर्षांचा काही फरक पडत नाही. कॉलेजची पोरं येतात ना सहा-सात जणांची, त्यांना तुम्ही म्हटलं की ती एकमेकांकडे बघून हसतात आणि तू म्हटलं की त्यातल्या एकाला लागतं, तिथे ही वाक्यं सोन्यासारखी. आमच्या पोराला मी आता हीच पाच-सहा वाक्यं पाठ करून घेतलीयत, बाकी काही बोलू नकोस म्हटलं पहिले पंधरा दिवस.

लांबून लक्ष वेधायचं असेल तर “अहो” आहे. मालकाला, नवऱ्याला, अनोळखी माणसाला, सगळ्यांना चालतं.

‘आपण’ जपून वापरा आणि ‘बसून घ्या’ तर वापरूच नका

कॉल सेंटरला आम्हाला एक छापील स्क्रिप्ट दिलेली असायची, “मी आपली कशा प्रकारे मदत करू शकते?” हे वाक्य मराठीत कोणी जन्मात बोलत नाही. उघड दिसतं की इंग्रजी वाक्य घेतलं आणि खाली मराठी शब्द भरले. मराठी माणूस विचारतो “बोला”, नाहीतर “काय झालं?”, फार तर “काय करू सांगा”. पण आमचे कॉल ऐकून मार्क द्यायचे आणि ‘बोला’ म्हटलं की मार्क कापायचे, उद्धट वाटतं म्हणून.

त्यातला ‘आपण’ तर आणखीच घोळ घालतो, कारण मराठीत आपण म्हणजे मान देऊन ‘तुम्ही’ पण आणि ‘मी आणि तू मिळून’ पण. सुरुवातीला मी खानावळीतही तेच चालवलेलं. एकदा एका पुण्याच्या काकांना म्हटलं, “आपण ॲडव्हान्स आजच भरायचा आहे.” ते म्हणाले, “आपण म्हणजे? निम्मा तुम्ही भरताय का?” बरोबर बोलले. तेव्हापासून पैशाच्या वाक्यात आपण बंद. “ॲडव्हान्स आज द्यावा लागेल, निम्मा चालेल” असं सरळ. आणि दवाखान्यातल्या नर्स किंवा बालवाडीच्या बाई जो आपण म्हणतात ना, “आपण आता गोळी घ्यायची हं”, तो लहान मुलांना ठीक आहे, साठीच्या माणसाला नाही. गोळी तो एकटाच घेणारे.

मग ते “इथे बसून घ्या”, “सही करून घ्या”, “बॅग ठेवून घ्या”. हे हिंदीच्या ‘बैठ लीजिए’वरून आलंय आणि हल्ली प्रत्येक रिसेप्शनला ऐकू येतं. बोलणाऱ्याला वाटतं जास्त नम्र झालं, ऐकणाऱ्याला वाटतं आपल्याला ढकलतायत. ‘बसा’ पुरतं. अगदीच साजूक पाहिजे असेल तर “बसा ना”. तो एक ‘ना’ काय काम करतो बघा, आणि कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

नाती लावायची तर

नाती लावूच नका असं मी म्हणत नाही, आपल्याकडे ते शक्यच नाही. मासळी बाजारात गेलं की मावशी म्हणायलाच लागतं, आणि ती मावशीही आपल्याला “काय गो बाय, बांगडे बघ कशे ताजे आसत” म्हणते, ते ऐकायला बरंच वाटतं. पण त्यात एक मेख आहे. ती सगळ्यांना बाय म्हणते आणि भावात एक रुपया सोडत नाही, आणि दोघींना ते माहिती असतं. कोणी कोणाला फसवत नाही.

बिघडतं कुठे तर जिथे नातं लावून काहीतरी काढून घ्यायचं असतं. “दादा, फाईव्ह स्टार द्या हं, आपल्या घरचं समजून.” “ताई, तुमच्यासाठी म्हणून सांगते, एसी रूमच घ्या.” याचा लोकांना आता इतका कंटाळा आलाय की ताई ऐकलं की पर्स घट्ट धरतात. मी स्वतःपुरता नियम असा केलाय की पैसे मागताना, नाही म्हणताना आणि तक्रार ऐकताना नातं लावायचं नाही. तक्रार करणाऱ्या माणसाला “अहो काका, असं काय करता” म्हटलं की तो पेटलाच म्हणून समजा, कारण त्याच्या गीझरचं पाणी गार आहे आणि तुम्ही त्याचा पुतण्या असल्याचं नाटक करताय.

शब्दांचं थोडं सांगते. आंटी नको, कधीच नको, कुठल्याही वयाला नको, चौतिशीच्या बाईला आंटी म्हटल्यावर ती काय बोलली ते मी इथे लिहू शकत नाही. ताई बऱ्यापैकी सेफ आहे, साठीच्या बाईलाही चालतं आणि उलट खुश होतात. काका-काकू म्हणताना तुमचं स्वतःचं वय बघा, चाळिशीच्या मालकाने पन्नाशीच्या माणसाला काका म्हणू नये, तिथे भाऊ किंवा काहीच नाही. मामा म्हणजे हवालदार पण आणि ‘मामा बनवला’ मधला पण, त्यामुळे बाहेरच्या माणसाला नको. वहिनी म्हणजे तुम्ही नवरा-बायको ठरवून टाकलंत, त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. शेठ म्हटलं की माणूस फुगतो पण पुढच्या वेळी भाव पाडायला लागतो, हा माझा अनुभव आहे, सगळ्यांचा असेल असं नाही. आणि उत्तरेकडून आलेल्या कामगाराला ‘ए भैया’ करून हाक मारतात ती हाक राहिलेली नाहीये, तो शिक्का झालाय. नाव विचारा.

बाई हा शब्द तर फारच गमतीचा. आमच्याकडे शाळेतल्या बाई म्हणजे मानाचं माणूस, माझी नणंद अजूनही अर्ध्या गावाची बाई आहे. पण मुंबईहून आलेल्या पाहुणीला “बाई, चाय घेतल्यात?” विचारलं आमच्या शेजारच्या आजीने, तर तिचा चेहरा पडला, कारण तिच्याकडे बाई म्हणजे भांड्याला येणारी. कोणाचंच चुकलं नाही यात.

माझ्या सासूबाईंचं वेगळं आहे. बहात्तर वर्षांच्या आहेत, कोणालाही “झिला (म्हणजे पोरा), आणखी भात घी रे” म्हणतात, बँकेचा मॅनेजर असो की कोण, आणि तो मुकाट्याने भात घेतो. मग आमच्या पोराला वाटलं आपणही तसं करावं. नाही चालत बाबा. त्यांच्या झिला म्हणण्यामागे वय आहे आणि हातात भाताचा टोप आहे, भात खरोखर वाढणारेत त्या, त्याचे वेगळे पैसे लावणार नाहीत. ज्याच्याकडे वाढायला भात नाही त्याने झिला म्हणू नये.

सर, मॅडम आणि आडनावं

सर-मॅडम वाईट नाहीत, थंड आहेत, आणि थंड असणं कधीकधी बरं असतं. बँकेत, पंचायत समितीत, दवाखान्यात मला कोणी ताई म्हणण्यापेक्षा मॅडम म्हटलेलं आवडतं, कारण तिथे मी कामाला गेलेली असते. फक्त प्रत्येक वाक्यात नको. “हो मॅडम, बघतो मॅडम, सर्व्हर डाऊन आहे मॅडम.” तिसऱ्या मॅडमपासून तो शब्द शिवीसारखा वाटायला लागतो.

बुकिंगवरचं नाव बघून “हाय प्रसाद!” असा मेसेज टाकू नका. ॲपवाले टाकतात म्हणून आपण टाकायचं कारण नाही. “नमस्कार, शुक्रवारची दोन खोल्यांची बुकिंग मिळाली” लिहा, माणसाला कळतं त्यालाच लिहिलंय. आडनाव लावून ‘जी’ पण आपलं नव्हे, सावंतजी-परबजी टीव्हीवर ठीक. आणि आमच्याकडे तर आडनावाचा उपयोगच नाही, एका वाडीत गेलात तर बारा घरं आणि बाराही सावंत, तिथे ‘सावंत साहेब’ म्हणून हाक मारलीत तर चार जण वळून बघतील आणि एक म्हैस.

हसायचं किती

कॉल सेंटरला आमच्या डेस्कवर छोटा आरसा लावलेला. फोनवर बोलताना आरशात बघून हसायचं, हसू आवाजातून कळतं म्हणे. कळतंही, खोटं नाही सांगत. पण आठ तास हसून घरी आल्यावर माझ्याच्याने आईशी धड बोलवत नव्हतं. पुढे कळलं याला नाव आहे, अमेरिकेतल्या आर्ली होकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये विमानातल्या हवाई सुंदऱ्यांच्या कामावर लिहिताना ‘इमोशनल लेबर’ म्हटलं त्याला, म्हणजे हसणं हाच पगाराचा भाग. ओझी उचलून पाठ दुखते तसं हे उचलूनही काहीतरी दुखतं.

एकदा एका आजोबांचा फोन आला, सिंधुदुर्गातलेच, बोलण्यावरून कळलं. रिचार्ज केलेला आणि पैसे गायब. मी स्क्रिप्ट सुरू केली, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत वगैरे. त्यांनी मला मध्येच थांबवलं, “गो बाय, ग्वाड बोलू नको. पैशे खंय गेले ता सांग.” मी आरशातून नजर काढली आणि कॉम्प्युटरवर बघितलं, त्यांच्या नंबरला कोणीतरी कॉलर ट्यून लावलेली, तिचे पैसे कापले गेलेले. सांगितलं, बंद केली, चाळीस सेकंद लागले. “हां, आता कसा” म्हणाले आणि फोन ठेवला. त्या कॉलला मला मार्क कमी पडले, क्लोजिंग वाक्य म्हटलं नाही म्हणून.

मी जे काय शिकले ते त्या कॉलमध्ये. कोकणातल्या माणसाला लोक तुसडा म्हणतात, दुकानदार वर बघत नाही, “नाय हा” म्हणून मोकळा होतो. आता ‘येवा, कोकण आपलाच असा’ अशी पाटी लावायची आणि आत गेल्यावर “मासे संपले” एवढंच बोलायचं, पाहुणा बिचारा गोंधळतो, हे मान्य. पण त्याला उपाय हसू नाहीये. उपाय म्हणजे आणखी एक वाक्य. “बांगडा संपला. सुरमई आहे, पण तळायला दहा मिनिटं लागतील.” “खोली अकराला मिळेल, तोवर बॅगा इथे ठेवा, बाथरूम मागे आहे.” “लाईट गेलीय, इन्व्हर्टरवर पंखा चालेल, एसी नाही.” चेहरा कसाही ठेवा. समोरच्याला पुढे काय करायचं ते कळलं की त्याला तुम्ही चांगले वाटता, आणि कळलं नाही की तुम्ही कितीही दात दाखवा. वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीचं उदाहरण देतात ना, 1997 मध्ये जर्मनीत गेले, गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं वगैरे अमेरिकेतली पद्धत तिकडे चालवायला गेले, जर्मन लोकांना ते विचित्रच वाटलं, आणि 2006 मध्ये गाशा गुंडाळला. त्याला भावाची स्पर्धा वगैरे मोठी कारणं होती, नुसत्या हसण्याने कोणी बुडत नाही, पण हुकमी हसू लोकांना कळतं हे खरं.

वरून हुकूम आला की बोलणं बदलतं असं आपल्या सरकारलाही वाटतं. 2022 च्या ऑक्टोबरात जीआर निघाला की सरकारी कार्यालयात फोनवर हॅलोऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणा, सक्ती नव्हती पण आवाहन होतं. 2025 ला गणपतीच्या तोंडावर सूचना आली की नोकरीधंद्याला मुंबईत गेलेल्या कोकणी माणसाला ‘चाकरमानी’ म्हणू नका, ‘कोकणवासीय’ म्हणा, कारण चाकर शब्द काहींना कमीपणाचा वाटतो. तो वाटणं समजू शकते मी. पण गाडीतून उतरलेल्या माझ्या दिराला सासूबाई “इलो माझो चाकरमानी” म्हणतात तेव्हा त्याला काय वाटतं ते त्याचा चेहरा सांगतो.

मध्ये एक पाहुणा मला म्हणाला, हे तू-तुम्ही काढूनच टाका, स्वीडनसारखं सगळ्यांना तू. खरंय, तिकडे 1967 मध्ये ब्रोर रेक्सेड नावाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना सांगून टाकलं की मी सगळ्यांना ‘डू’ म्हणणार, आणि त्या सुमारास सगळा देशच त्या वाटेने गेला. पण तिकडचे हल्लीचे तरुण दुकानदार गिऱ्हाइकाला परत ‘नी’ म्हणजे तुम्ही म्हणायला लागले, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा राग येतो म्हणे, त्यांच्या लहानपणी नी हे वरच्याने खालच्याला म्हणायचा शब्द होता. म्हणजे शब्द तोच, राग उलटा. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना तू, आईला तू, आणि बिल मागणाऱ्या पोराला जर कोणी तू म्हटलं नाही तर तो म्हणतो काय शिष्ट आहेत. कुठून कुठे काढणार.

वर्गात

नणंदेच्या शाळेच्या शेजारच्या गावात एक नवीन शिक्षिका आल्या, उत्साही, ट्रेनिंगमधून ताज्या. चौथीच्या पोरांना पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला बाई नको, मॅडम नको, मी तुमची मैत्रीण, ताई म्हणा. पोरं शब्दाला जागणारी. दुसऱ्या दिवशी त्या उशिरा आल्या तर एक पोरगा दारातच, “काय गो, खंय होतंस?” अगदी प्रेमाने, त्याच्या घरी मैत्रिणीला असंच बोलतात. ताईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. आता त्या पोराने यातून काय शिकायचं? मैत्रीण बाहेर उभं करते?

म्हणून माझ्या नणंदेचा सल्ला, मुलांना खोटं सांगू नका. तुम्ही पेपर तपासणार, हजेरी घेणार, पालकांना बोलावणार, तर तुम्ही मैत्रीण नाही. बाई म्हणून राहा आणि चांगल्या बाई व्हा, मुलांना तेवढं खूप असतं. ती स्वतः फारशी हसत नाही वर्गात, पण कोणाची आजी आजारी आहे, कोणाच्या घरी गाय व्यायली, कोण उपाशी आलंय हे तिला माहिती असतं, आणि ते विचारताना ती सगळ्यांसमोर विचारत नाही, पाणी प्यायच्या सुट्टीत विचारते. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ‘फ्रेंडली’ शिक्षक नेमके सगळ्यांसमोर विचारतात, “काय रे, बाबा अजून पितात का?” आणि वर्ग ऐकत असतो.

मुलाला तू म्हणावं की तुम्ही? तू म्हणा, काही बिघडत नाही, आठ वर्षांच्या पोराला तुम्ही म्हटलं की ते घाबरतं. आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे मास्तर तुम्ही कधी म्हणतात आठवा, “या या साहेब, उगवलात?” “आलात राजे?” शाळेतला सगळ्यात झोंबणारा शब्द मानाचाच असतो. माझ्या वर्गातल्या एकाला मास्तर रोज ‘युवराज’ म्हणायचे, त्याच्या चपला तुटलेल्या म्हणून. पोरगा सातवीत शाळा सोडून ट्रॉलरवर गेला, एकट्या युवराजमुळे नसेल, पण मला आजही ते ऐकू येतं. काळ्या, जाड्या, बुटक्या, आणि वाडीवरून, बापाच्या धंद्यावरून पाडलेली नावं, यातलं काहीच लाडाचं नसतं. शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, त्याच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि त्यात हे येतं असं मी समजते. मुलाचं नाव घ्या, पूर्ण, नीट उच्चारून.

एक खास आपल्या भागाचं. मालवणी घरातलं पोर आजीला तू, आईला तू, शेजारच्या म्हाताऱ्याला तू, मग पहिलीत येऊन बाईंनाही “बाई, तू माका पेन्सिल दी” म्हणतं. देशावरून बदली होऊन आलेल्या शिक्षकांना हा उद्धटपणा वाटतो. नाहीये तो. ओरडू नका, टर तर अजिबात उडवू नका. नुसतं पेन्सिल देता देता म्हणा, “बाई, तुम्ही मला पेन्सिल द्या. घे.” दोन महिन्यांत येतं. आणि बाईंनी दोन मालवणी शब्द शिकले तर त्यांचंही काही जात नाही, पण ते पोरांची नक्कल करायला वापरायचे नाहीत, ते लगेच कळतं.

ज्यांना आपण विसरतो

हे मला लिहायचं नव्हतं खरं, पण लिहिते. गेल्या वर्षी एकदा मी स्वतःचंच बोलणं ऐकलं. पंचविशीच्या पाहुण्याला “सर, तुमची चहा” आणि त्याच मिनिटाला माडावर चढलेल्या आमच्या साठीतल्या माणसाला “अरे, तो घड राहिला बघ तुझा”. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. का तू? तर लग्न होऊन आले तेव्हापासून घरात सगळे तूच म्हणत होते म्हणून, आणि का म्हणत होते हे आडनाव बघितलं की कळतं. कोकणात हे नवीन नाही, महाडचं तळं इथलंच, 1927 चं, आणि डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं. पाण्याचं बदललं, जिभेचं राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी तुम्ही सुरू केलं. पहिले काही दिवस त्यांनाच अवघड वाटलं, मला विचारलंही, “काय चुकला काय माझा?” आता सवय झालीय दोघांना. तुम्ही पाहुण्यांशी कसं बोलता ते नंतर बघा, आधी एक दिवस कागद घेऊन बसा आणि तू कोणाकोणाला म्हणता ते लिहा.

आणि पाहुण्यांनो, तुम्हीही. शुक शुक, ए छोटू, ए बॉस, टेबलावर चमचा वाजवणं, हे सगळं आम्हाला ऐकू येतं. नाव विचारा, नाहीतर “अहो” आहेच.

निघताना माणूस म्हणतो “येतो”, त्यावर “या” म्हणायचं. थँक्यू व्हिजिट अगेन नको, उगाच हातात रिव्ह्यूचा क्यूआर कोड तर नकोच नको, गाडीत बॅगा चढवायला हात लावा त्यापेक्षा.

ते बहीण-भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, घावण्यांना. पोरगा त्यांना बघून मोरीकडे पळायला लागलेला, मी त्याला डोळ्यानेच परत पाठवला. तो गेला, पाणी ठेवलं, म्हणाला, “घावणे गरम आहेत. किती आणू?” बहीण म्हणाली, “चार आण. आणि कालची सुरमई मस्त होती हं, मी वहिनी नसले तरी.” भाऊ यावेळी हसला.

पोरगा दोन सेकंद तसाच उभा राहिला आणि म्हणाला, “चटणी आणू?”